जुन्या कपड्यांची गाठोडी आणि धुण्याचे श्रम

पूर आला, चक्रीवादळ झाले, भूकंपाने वस्ती उद्ध्वस्त केली की मदतीचे आवाहन निघते, आणि त्यात धान्य, औषधे व रोख रक्कम यांच्याबरोबर ‘वापरण्याजोगे जुने कपडे’ हे शब्द हटकून असतात. देशभर आपल्या शाखा, कामगार संघटना आणि महिला संघटना हे काम वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. मोर्च्याचे वा सभेचे वृत्त जसे लिहिले जाते तसे या कामाचे लिहिले जात नाही. फार तर ‘इतकी गाठोडी रवाना झाली’ एवढे एक वाक्य येते. त्या गाठोड्यांत काय होते, ते कोणत्या अवस्थेत होते आणि ते वापरण्याजोगे करण्याचे काम अखेर कोणी केले, हा प्रश्न घरगुती व किरकोळ म्हणून बाजूला पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुळीच किरकोळ नाही. न धुतलेला, बटण तुटलेला कपडा देणारा माणूस कपड्याबरोबर धुण्याचे, शिवण्याचे आणि निवडण्याचे श्रमही दुसऱ्यावर टाकीत असतो, आणि हे श्रम बहुधा अशाच माणसांच्या वाट्याला येतात ज्यांच्याजवळ त्यासाठी ना पाणी असते, ना साबण, ना वेळ.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः नागपट्टिनमच्या बाजूला, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. मच्छीमार कुटुंबांनी ते घेण्यास नकार दिला. असा नकार ऐकला की शहरी दात्याच्या कपाळाला आठी पडते: ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनी एवढा चोखंदळपणा करावा? पण ही माणसे आदल्या दिवसापर्यंत होडी आणि जाळे यांच्या बळावर आपले पोट भरीत होती, आपले कपडे आपण विकत घेत होती. लाटेने त्यांची घरे नेली म्हणून त्यांचा स्वाभिमानही गेला असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पुढे त्या ढिगांतील कपडे निवडून, धुऊन उपयोगात आणण्याच्या कामात ‘गूंज’ ही संस्था उतरली. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत स्थापलेल्या या संस्थेचा भर, दिलेल्या कपड्यावर आधी काम झाले पाहिजे आणि तो गरजेप्रमाणे निवडून गेला पाहिजे, यावर आहे. स्वयंसेवी संस्थांच्या राजकारणाविषयी आपले मतभेद आहेत व राहतील. पण ही गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

आपल्या देशात उतरलेल्या कपड्याचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे ल्यावीत असा दंडक आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ गणला जाई. अपमानालाच हक्काचे नाव देण्याची ही सरंजामी चतुराई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती स्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत टाकून देण्यास सांगितले, या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या पाहिजेत. वस्त्र कोणते, कोणी उतरवलेले आणि कोणत्या स्थितीत हातात आलेले, यावरून माणसाची पायरी ठरवणारा हा समाज आहे. घामाचा डाग असलेला सदरा वस्तीवर पोहोचतो तेव्हा हा सारा इतिहास त्याच्याबरोबर पोहोचतो. देणाऱ्याच्या मनात तसे नसेल, तरीही.

आणि वर्गीय बाजू? ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात, यंत्रे व आधुनिक उद्योग यांविषयीच्या प्रकरणात, मार्क्सने चिंध्या निवडणाऱ्या स्त्रिया व मुली यांच्याविषयी लिहिले आहे. अत्यंत घाणेरड्या आणि अत्यंत कमी मजुरीच्या कामांत त्याने या कामाची गणना केली. दूरदूरच्या देशांतून आलेल्या त्या चिंध्यांतून देवी आणि इतर साथीचे रोग पसरत, आणि त्यांचा पहिला बळी निवडणारी बाई असे. चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याचा धंदा तेव्हा यॉर्कशायरमधील बॅटली व ड्यूसबरी येथे भरभराटीला आला होता. पुढे त्याचे मोठे केंद्र झाले हरयाणातील पानिपत, आमच्या दिल्लीपासून काही तासांच्या अंतरावर. पाश्चात्य देशांतून आलेले, पुन्हा अंगावर घालता येऊ नयेत म्हणून मुद्दाम फाडलेले लोकरी कपडे तेथे स्त्रिया जमिनीवर बसून पात्यावर चिरतात, बटणे, चेन आणि पट्ट्या काढतात आणि रंगवार ढीग लावतात; रंग आधीच जुळवल्यामुळे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. मदतकार्यात वाटली जाणारी स्वस्त घोंगडी याच सुताची असत. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या माहितीपटात या स्त्रिया आपसांत तर्क करतात की तिकडे पाणी फार महाग असावे. धुणे परवडत नाही म्हणूनच बहुधा ते लोक कपडे टाकून देत असतील. हा तर्क ऐकून हसू येते खरे, पण न धुता टाकलेल्या वस्त्राचा अर्थ लावण्याचा याहून सरळ प्रयत्न कोणता असणार?

अनुवादाच्या कामात इंग्रजीतील ‘चॅरिटी शॉप’ हा शब्द आला की पंचाईत होते. ‘धर्मादाय दुकान’ लिहावे तर वाचकाला धर्मशाळा आठवते. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफॅमने असे दुकान काढले आणि पुढे ब्रिटनभर त्याचे लोण पसरले: लोक वापरलेले कपडे देतात, दुकान ते विकते आणि आलेला पैसा मदतीला जातो. कपडा विकायचा असल्यामुळे तो स्वच्छ व धडका असावा ही अट तेथे आपोआपच येते. आपल्याकडे या जागी बोहारीण आहे. तिच्याइतकी कडक परीक्षा कोणी घेत नाही. ती लुगडे उजेडात धरते, विरलेल्या जागी बोट घालते, काठ चाचपते, पँटचा गुडघा पाहते, आणि मगच ठरवते की या चार कपड्यांवर डबा द्यायचा की नुसती वाटी. म्हणून मध्यमवर्गीय घरात बोहारणीसाठी ठेवलेले कपडे धुतलेले, घडी घातलेले असतात. ते ती पुन्हा धुते, शिवते, इस्त्री करते. दिल्लीत रघुबीर नगरच्या बाजारात तर पहाट होण्यापूर्वीच त्यांची विक्री सुरू झालेली असते. आता त्याच घरातून पूरग्रस्तांसाठी काय निघते ते पाहावे. बोहारणीने नाकारलेले! जिथे बदल्यात स्टीलचा डबा मिळतो तिथे कपडा धुण्याची तसदी घेतली जाते, जिथे काहीच मिळत नाही तिथे घेतली जात नाही. बूर्ज्वा समाजातील दानशूरतेचे मोजमाप करायला याहून जास्त आकडेमोडीची गरज नाही. दुःख एवढेच की आपल्या साथींची घरेही याला नेहमी अपवाद नसतात.

जुलै २०२३ मध्ये यमुनेने दिल्लीत पातळीचा विक्रम मोडला, आणि काठावरची शेतमजूर कुटुंबे रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली आली. तेव्हा एका संकलन केंद्रावर कपडे निवडण्याचे काम आम्ही काही जणांनी केले. भर जुलैत लोकरीचे स्वेटर होते, एका पायाचे मोजे होते, हूक नसलेली पोलकी होती, नाडी नसलेल्या सलवारी तर मोजता येणार नाहीत इतक्या. एक ओले पोते उघडले तेव्हा आतल्या सगळ्या कपड्यांना बुरशीचा वास लागलेला होता; तळाशी कोणीतरी न वाळवलेली चादर कोंबली होती. त्या दिवशी सर्वांत झपाट्याने काम केले ते दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या दोघी बायकांनी. घरोघरी त्या जे मजुरीने धुतात तेच येथे पुन्हा, विनामजुरी, त्यांच्या पुढ्यात येऊन पडले होते.

पुढच्या आवाहनात शाखांनी ‘जुने कपडे द्या’ एवढ्यावर थांबू नये. कपडा साबणाने धुतलेला आणि कडक उन्हात पूर्ण वाळलेला हवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली दोन दिवस वाळवावा, पण दमट कपडा पोत्यात जाता कामा नये. छावण्यांत दाटीमुळे खरूज झपाट्याने पसरते; तिचे किडे माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा फारसे तगत नाहीत, तरीही चादरी व मुलांचे कपडे गरम पाण्यात काढलेले बरे. खिसे रिकामे करावेत. बटण, हूक, चेन देणाऱ्याच्याच घरी लागली पाहिजे, आणि हे काम घरातल्या बाईचेच असे पुरुष साथींनी समजू नये. सुई कोणाच्याही हातात चालते. साडीबरोबर परकर आणि पोलके एकत्र बांधावे. वापरलेली अंतर्वस्त्रे देऊच नयेत, ती नवी घेण्यासाठी पैसे द्यावेत. फाटलेले पण मऊ, स्वच्छ सुती कापड वेगळे ठेवावे. तान्ह्या मुलांसाठी आणि पाळीच्या कापडासाठी त्याची गरज असते, आणि या दुसऱ्या गरजेचा उच्चार सभेत करायला संकोच वाटू नये. उरलेल्या लक्तरांची पायपुसणी होतात. ती पूरग्रस्तांकडे पाठवू नयेत.

काही साथी म्हणतील, संकटात एवढा वेळ कुठे असतो? पण पहिल्या दोन दिवसांत लागते ते पाणी, अन्न आणि औषध. कपड्यांचे पोते एक दिवस उशिरा गेले तर काही अडत नाही, सडके गेले तर अडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वस्त्र पुरवण्याची जबाबदारी सरकारची, आपण ती अंगावर का घ्यावी? जबाबदारी सरकारचीच आहे. घर वाहून गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी राज्य आपत्ती निधीतून मदत देण्याचा निकष २०१५ ते २०२० या काळासाठी १,८०० रुपये होता, तर २०२२ ते २०२६ या काळासाठी २,५०० रुपये ठरवला गेला. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी पाचशे रुपये! यात एक साडी आणि एक परकर तरी धड येतो का, हे मंत्र्यांनी बाजारात जाऊन पाहावे. ही रक्कम वाढवून घेण्याचा लढा आणि पोते नीट बांधण्याचे काम एकाच कार्यकर्त्याला करता येते. पंचनामा झाला की नाही हे विचारायला वस्तीवर जावेच लागते, रिकाम्या हाताने जाण्याची गरज नसते.

वाटपाची पद्धतही बदलायला हवी. ट्रकवरून गाठोडी फेकणे पूर्णपणे बंद झाले पाहिजे. दोन खांबांना दोरी बांधून कपडे टांगावेत, पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे वयाप्रमाणे, आणि लोकांना हाताळून, अंगाला लावून निवडू द्यावेत. पोत्यावर आतील कपड्यांची यादी ठळक अक्षरांत, तेथील भाषेत लिहावी. आणि संकलनाच्या निधीतून सर्वप्रथम नाड्यांचे गुंडाळे, सुया, दोऱ्याची रिळे आणि हुकांची पाकिटे विकत आणावीत. सगळ्यात आधी नाड्याच संपतात.