छापखान्यातली लेन्स भंगारात घालू नका

८×१० इंचांहून मोठ्या निगेटिव्हवर काम करू पाहणाऱ्याला ११×१४ किंवा १४×१७ इंची कॅमेऱ्याची लाकडी चौकट चांगल्या सुताराकडून करून घेता येते, भाता शिवून घेता येतो. १४×१७ तर एक्स-रे फिल्मचाच नेहमीचा आकार. ही फिल्म तांबड्या उजेडात समोर बघत धुता येते. घोडे अडते ते ‘शटरवाली लेन्स’ मिळत नाही म्हणून. ही अडचण बरीचशी आपण मानून घेतलेली आहे, असे माझे मत आहे. एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी पैसा आणि शोधाशोध दोन्ही काचेवर खर्च करावी, शटरचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि नाहीच मिळाले तर त्यावाचून काम करावे. ती काच परदेशी लिलावांत शोधण्याआधी आपल्याच जुन्या छापखान्यांत शोधावी.

लेन्स फिल्मवर प्रकाशाचे एक वर्तुळ टाकते आणि चौकटीचे चारही कोपरे त्यात बसावे लागतात. म्हणून वर्तुळाचा व्यास चौकटीच्या कर्णापेक्षा मोठा हवा. ११×१४ चा कर्ण सुमारे ४५२ मिमी, १४×१७ चा ५५९ मिमी. इथे नुसती फोकल लांबी पाहून भागत नाही. गोर्झ कंपनीची १८९२ सालची डागोर ही रचना छिद्र लहान केल्यावर इतका रुंद कोन व्यापते, की १४ इंची डागोर ११×१४ ला सहज पुरते. छापखान्यात छपाईसाठी चित्रांच्या निगेटिव्ह काढणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याच्या लेन्सचा कोन ४६ ते ४८ अंशांचाच, त्यामुळे त्याच चौकटीला ६०० मिमीची लेन्स लागते आणि दूरच्या दृश्यासाठी १४×१७ ला ७५० मिमीच्या आसपासची. खरेदी करताना एक सापळा टाळावा. प्रोसेस लेन्सच्या माहितीपत्रकातला वर्तुळाचा आकडा बहुधा मूळ मापाच्या प्रतिमेसाठी, म्हणजे एकास एक प्रमाणासाठी दिलेला असतो. डोंगर टिपायचा असेल तर तो निम्मा धरावा. उलट माणूस जवळ बसवला की भाता लांबतो आणि वर्तुळ वाढते. ६०० मिमीची लेन्स १४×१७ वर व्यक्तिचित्राला चालते ती त्यामुळेच.

या लेन्स घडल्या त्या रंगीत छपाईच्या गरजेतून. एकाच चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळ्या निगेटिव्ह काढायच्या, त्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत आणि कोपऱ्यातली रेघही वाकता कामा नये, हे काम अपो-आर्टार, अपो-रोनार आणि अपो-निक्कोर यांनी ऑफसेटच्या काळात वर्षानुवर्षे केले. बऱ्याच लेन्सच्या नळीला फिल्टर सरकवण्यासाठी फटही असते. त्यांना शटर नाही, कारण प्रोसेस कॅमेऱ्यात उद्भासन दिव्यांनी आणि सेकंदांत मोजले जाई.

आता शटरचा हिशेब. ६०० मिमीच्या एफ/९ लेन्सला सुमारे ६७ मिमी रुंदीचा प्रकाशझोत लागतो. कोपल कंपनीच्या सर्वांत मोठ्या, ३ नंबरच्या शटरचे तोंड ४५ मिमी, आणि त्याचे उत्पादनही थांबलेले. समजा मोठे शटर मिळाले, तरी त्याचा वेग कुठे वापरणार? लख्ख उन्हात १०० संवेदनशीलतेच्या फिल्मला एफ/१६ वर साधारण १/१०० सेकंद पुरतो. पण ६०० मिमीच्या लेन्सने एफ/१६ वर पाच मीटरवरचा माणूस टिपला, तर त्याच्या पुढचे-मागचे मिळून वीतभरच स्पष्ट येते. म्हणून एफ/६४ वर जावेच लागते आणि तिथे तोच हिशेब १/६ सेकंदावर येतो. सावली असेल आणि पिवळा फिल्टर लावला तर सेकंदाच्या पुढे. दोन सेकंदांच्या उद्भासनात शटरऐवजी लेन्सची टोपी हाताने काढता-घालताना पाव सेकंदाची चूक झाली तर फरक एक अष्टमांश पडतो, जो निगेटिव्हमध्ये ओळखूही येत नाही. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये योसेमिटीत सुमारे १८×२२ इंची काचांवर केलेले काम आजही या माध्यमाचा मापदंड मानले जाते, आणि तो काळ टोपीचाच होता.

एफ/६४ वर विवर्तनाने प्रतिमा मऊ पडते, असा आक्षेप घेतला जातो. लहान निगेटिव्ह मोठी करताना तो रास्तच आहे. इथे मात्र सायनोटाइप किंवा प्लॅटिनमसाठी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवली जाते आणि एफ/६४ वरचा विवर्तनाचा ठिपका ०.०९ मिमीच्या आत राहतो. वाचण्याच्या अंतरावरून डोळ्याला तो जेमतेम दिसेल. प्रोसेस लेन्स दूरच्या दृश्यासाठी बनलेल्या नाहीत, हेही खरे. पण छिद्र एफ/२२ च्या खाली नेले की तो दोष उरत नाही. उघड्यावर, छिद्र मोठे ठेवून, हलत्या मुलांची चित्रे काढणाऱ्याचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. त्याला आयलेक्सचे ५ नंबरचे किंवा रबरी फुग्याने चालणारे पॅकार्ड शटर शोधावेच लागेल, आणि जुन्या आयलेक्सवर लिहिलेल्या वेगावर विसंबण्याआधी तो मोजून घ्यावा. स्टुडिओत फ्लॅश वापरणाऱ्याला तीही गरज नाही. खोली अंधारी केली की फ्लॅशच शटरचे काम करतो.

संगणकावरून थेट प्लेट बनू लागल्यापासून प्रोसेस कॅमेऱ्याला काम उरलेले नाही, आणि भंगारवाल्याकडे लेन्सच्या नळीची किंमत पितळ-ॲल्युमिनियमच्या वजनावर ठरते. छापखान्याच्या मालकांना विनंती आहे, की यंत्र विकण्याआधी लेन्स तिच्या धातूच्या कड्यासकट काढा. कडे यंत्रावरच राहिले तर नवे कातून घ्यावे लागते. दोन्ही बाजूंना टोप्या लावा, बुरशी धरणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा आणि जवळच्या कलामहाविद्यालयातल्या छायाचित्रण विभागाला कळवा.