मनमोकळं : पुतणीचं पुढचं शिक्षण



या आठवड्यात चाकणच्या एका भगिनीचं पत्र आलंय. सासर आंबेगाव तालुक्यातलं लोणी. धाकटे दीर-जाऊ गावी शेती बघतात. पुतणी दहावीत, हुशार. पण सासूबाई म्हणतात, ‘दहावी झाली की उजवून टाका.’ कॉलेजला मंचरला जायचं तर हिवाळ्यात परतायला अंधार, वाटेत बिबट्याची भीती. त्यातून पोरीला पाळीचा त्रास. महिन्याला तीन-चार दिवस शाळा बुडते. थोरला पुतण्या मात्र मंचरच्याच कॉलेजात जातो. ‘बोलले तर घर फुटेल, गप्प बसले तर पोरीचं नुकसान. मोठी जाऊ म्हणून मी काय करू?’

ताई, बोला. पण आधी सासूबाईंशी नको, पुतणीशी बोला. तिला काय हवंय, हे अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही.

मग जावेला जवळ घ्या. ‘कावळा शिवला’ म्हणून आपण कोपऱ्यात बसलो, आपल्याला कुणी काही सांगितलं नाही. म्हणून आपणही लेकींना सांगत नाही. पाळीच्या पोटदुखीनं दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर ‘बायकांच्या नशिबीच असतं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. 2014 पासून किशोरवयीनांसाठी सरकारी कार्यक्रम आहे. त्यातली सल्ला केंद्रं महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावानं ओळखली जातात. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगा. घरी पालेभाजी लोखंडी कढईत करा, वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा नको. कापड वापरत असेल तर ते धुऊन कडक उन्हात वाळवावं, अंधाऱ्या कोपऱ्यात लपवू नये.

आता बिबट्या. जुन्नर-आंबेगावात ही भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. पोरींनी घोळक्यानं यावं, हातात बॅटरी असावी, थांब्यावर घरचं कुणी घ्यायला जावं. पण पुतण्याही त्याच वाटेनं येतो ना? बिबट्या काही मुलगा-मुलगी बघून येत नाही! सासूबाईंच्या मनातली मोठी भीती लोकांच्या तोंडाची असणार. भावालाच सांगा, बहिणीला सोबत आण. आणि घरी आल्यावर ताट उचलायला, पाणी भरायला दोघांनाही लावा. मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि मुलगी भाकऱ्या थापते, मग ‘पोरीचं अभ्यासात लक्ष नाही’ कसं म्हणायचं?

खर्चाचं म्हणाल, तर बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असलं, तर 2024 च्या सरकारी निर्णयानुसार शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ.

18 पूर्ण होण्याआधी लग्न लावणं हा 2006 च्या कायद्यानं गुन्हा आहे. 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारा भटजीही सुटत नाही. गावात ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचा ग्रामसेवक) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अगदीच निकराची वेळ आली तर 1098 हा फोन आहे. पण कायदा शेवटी काढा, आधी माया.

मायेनं फरक पडतो का? पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या परिसरात मुलींसाठी संध्याकाळी तासाभराचे वर्ग चालले. आरोग्य, हिशेब, बोलायचं धाडस हे सगळं गावातल्याच बायकांनी शिकवलं. 1997 ते 2001 या काळात तिथल्या मुलींचं लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. एकच वर्ष, पण पोरीच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे अख्खी अकरावी!

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘नाहीच जमलं तर तिला चाकणला आणू का?’ जरूर आणा, ताई. पण शिकायला आणा. धुण्याभांड्यांना एक हात वाढला म्हणून नको. शहरातल्या किती काकू-मावश्यांच्या घरी अशा पोरी पाटी घेऊन आल्या आणि पोळपाट घेऊन बसल्या, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढच्या पत्रात तिचं उत्तर कळवा. तिच्याच शब्दांत.

तुमची,
ताई