सफारी आफ्रिकेची, मुक्काम कुणाच्या सोयीचा?

संक्रांतीच्या सुट्टीत धर्माबादची दोन किलो लाल मिरची पिशवीत घालून मी हैदराबादला दादाकडे गेले होते. दादा तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी काचीगुड्याला गेला, तो तिथलाच झाला. आई त्याच्याकडेच असते. दारात पाऊल ठेवले तर घरात वेगळेच वारे! टेबलावर रंगीत माहितीपत्रके पसरलेली, भाचा मोबाईलवर हिशेब मांडतोय, वहिनी स्वयंपाकघरात गप्प, आणि आई पाच वर्षांच्या पणतूला मांडीवर घेऊन जिराफाचे चित्र दाखवतेय.

“आत्या, मे महिन्यात आम्ही केनियाला चाललोय. आजीसुद्धा!” भाच्याने बातमी दिली.

आईचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखरे, त्यात संधिवात. पण या हौसेचे मूळ मला ठाऊक होते. आम्ही लहान असताना वडिलांनी आम्हाला हैदराबादचे नेहरू प्राणी संग्रहालय दाखवले होते. मीर आलम तलावाकाठचे हे प्राणी संग्रहालय 1963 साली सुरू झाले. तिथल्या सिंह सफारीत जाळी लावलेल्या गाडीतून आम्ही फिरलो. सिंह झाडाखाली आडवा पडला होता, त्याने मान वर करूनही पाहिले नाही. परतताना आई म्हणाली होती, “हा जेवणाची वेळ झाली की उठणारा सिंह. खरा मोकळा सिंह एकदा बघायला पाहिजे.” वडील गेले, आम्ही मोठे झालो, पण ते वाक्य घरात राहिले. भाच्याला नोकरीत बढती मिळाली आणि त्याने आजीची इच्छा पुरी करायचे मनावर घेतले.

रात्री जेवणे झाल्यावर मी ती पत्रके वाचायला बसले. उत्तरपत्रिका तपासून तपासून मला बारीक अक्षर आधी वाचायची सवय लागली आहे. सहा रात्री, तीन अभयारण्ये : अंबोसेली, नाकुरू आणि मासाई मारा. वर नदी ओलांडणाऱ्या हजारो विल्डबीस्टचे देखणे छायाचित्र. किंमत इतरांपेक्षा बरीच कमी. म्हटले, स्वस्त का आहे ते तरी बघू.

पहिले कारण महिन्यातच दडले होते. विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात. मे महिन्यात हे दृश्य दिसायची आशा नाही. उलट एप्रिल-मे हा केनियातला मोठ्या पावसाचा काळ. कच्चे रस्ते चिखलाचे होतात, काही कॅम्प तर तेवढ्या दिवसांत बंदच असतात. दर उतरतात ते म्हणून. पावसात जाऊच नये असे नाही. गर्दी कमी असते, रान हिरवेगार असते. पण छायाचित्र एका महिन्याचे आणि तिकीट दुसऱ्या महिन्याचे, हे गिऱ्हाइकाला कळायला हवे की नाही?

दुसरे कारण अंतर. नैरोबीहून मासाई मारा रस्त्याने पाच-सहा तास. अंबोसेलीहून नाकुरू त्याहूनही लांब. म्हणजे सहा रात्रींच्या सहलीतले तीन दिवस गाडीतच जाणार. दुखऱ्या गुडघ्यांची आई आणि पाच वर्षांचा मुलगा एवढा वेळ गाडीत बसणार कसे, याचा विचार त्या पत्रकात कुठेच नव्हता.

वाचकहो, आपल्याकडचे उदाहरण घ्या. ताडोब्याला जायचे ठरले की जाणती माणसे आधी विचारतात, कुठल्या गेटने? मोहर्लीने जायचे की कोलाऱ्याने? कारण पहाटे ज्या गेटमधून आत शिरायचे, त्याच्याजवळ मुक्काम नसेल तर झोपही जाते आणि सकाळची मोलाची वेळही जाते. खोलीत एसी आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. आफ्रिकेतही नेमके तसेच आहे. आपण मात्र तिकडे जाताना आधी तारे मोजतो, स्विमिंग पूल बघतो आणि लॉज नकाशावर कुठे आहे ते शेवटी.

या मुक्कामांचे प्रकारही समजून घ्यावेत. लॉज म्हणजे पक्के बांधकाम, बरेचदा मोठे, जेवण बुफे पद्धतीचे. टेंटेड कॅम्प म्हणजे तंबू, पण आत पलंग, न्हाणीघर, सगळे. तंबू म्हटले की गरिबीचा, असे समजू नका. काही तंबूंचा एका रात्रीचा दर पंचतारांकित हॉटेललाही लाजवील. आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात असतात ते सरकारी रेस्ट कॅम्प. कुंपणाच्या आत गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, कित्येक ठिकाणी स्वयंपाकाची सोय आणि आपली गाडी आपण चालवायची मुभा. क्रूगरचा विस्तार सुमारे 19,500 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे स्कुकुझाला राहायचे की साताराला, यावर तुमचा सारा दिवस ठरतो.

जमीन कुणाची, हेही विचारावे. मासाई मारा राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे. 2024 पासून तिथे परदेशी प्रौढ पाहुण्याला रोजचे शुल्क जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर असे ठरले. जाण्याआधी नवा दर पाहून घ्यावा; आणि पॅकेजमध्ये हे शुल्क धरले आहे की नाही, हे लेखी घ्यावे. या क्षेत्राला लागून मासाई लोकांच्या खासगी जमिनी आहेत. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी अशी नावे तुम्हाला दिसतील. जमीनमालक एकत्र येऊन आपली जमीन वन्यप्राण्यांसाठी मोकळी ठेवतात आणि कॅम्पवाले त्यांना भाडे देतात. पाहुण्यांची संख्या मर्यादित असते. त्यामुळे एका चित्त्याभोवती वीस गाड्या असा प्रकार सहसा होत नाही. रात्रीची फेरी, पायी फेरी यांनाही तिथे परवानगी असते. राखीव क्षेत्रात ती नसते. दर जास्त असतो खरा, पण त्यातला काही भाग ज्यांच्या कुरणावर सिंह फिरतो त्यांच्या घरी जातो. प्रकल्पासाठी गावे उठलेली आपण आपल्या भागात पाहिली आहेत, म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

एवढे सगळे मी सकाळी चहाच्या वेळी सांगितले. भाचा हसला. “आत्या, तुझं लेक्चर छान झालं. पण अ‍ॅडव्हान्स भरून झालाय.” सत्तर हजार रुपये!

पण खरा अडथळा वेगळाच निघाला. केनियाहून भारतात परत येणाऱ्याला पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. लस घेऊन दहा दिवस झाल्यावरच ते लागू होते; एकदा घेतले की आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हैदराबादला ही लस नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये मिळते, दादाच्या घरापासून अगदी जवळ. तिथे जाण्याआधी दादाने घरच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी आईच्या गोळ्यांची यादी पाहिली आणि स्पष्ट नाही म्हटले. ही जिवंत विषाणूची लस. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त, आणि आईच्या संधिवाताच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या. “फिरायला जाण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नका,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवले नाही. भाचा म्हणाला, “आजीला आपण पुढच्या वर्षी ताडोब्याला नेऊ.” वहिनीचा आवाज चढला : “ज्यांच्यासाठी ठरवलं त्यांनाच घरी ठेवायचं? मग मीही येत नाही.” सूनबाईने हळूच सांगितले की पत्रकातल्या एका कॅम्पमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना जंगलफेरीला नेतच नाहीत. म्हणजे पणतूही तंबूतच बसणार! दादा नुसता येरझारा घालत होता.

शेवटी आईच बोलली. “अरे, मला सिंह बघायचाय. केनिया कुठं बघायचाय?”

या एका वाक्याने गाठ सुटली. आम्ही सगळे देशाच्या नावाला धरून बसलो होतो. मग उलट्या बाजूने सुरुवात केली. घरातले सर्वांत म्हातारे आणि सर्वांत लहान माणूस कुठे सुखाने राहू शकेल? कागदावर अटी लिहिल्या. पीतज्वराची लस नको. मलेरिया नसलेला भाग हवा. विमानतळापासून तीन तासांच्या आत. गाडी आपली, म्हणजे लहान मुलाला कुणी अडवणार नाही आणि आईला वाटेल तेव्हा परतता येईल. मुक्काम एकाच ठिकाणी.

या अटींत बसले ते दक्षिण आफ्रिकेतले पिलानेसबर्ग. जोहान्सबर्गपासून सुमारे अडीच तासांवर, एका प्राचीन विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यांत वसलेले. मलेरियामुक्त. विस्तार साधारण 550 चौरस किलोमीटर. एके काळी इथे शेती होती. 1979 पासून सुमारे 6,000 प्राणी आणून इथे पुन्हा जंगल उभे केले. मुख्य रस्ते डांबरी. पाणवठ्यावर लपून बसायला निवारे बांधलेले आहेत. आता खरे सांगायचे तर हे काही मासाई माराचे अथांग गवताळ रान नव्हे. सभोवती कुंपण आहे, जागा लहान आहे. ज्याला ते अथांग रान हवे त्याने माराच गाठावे. पण मे महिन्यात तिकडे थंडी सुरू होते, गवत वाळते, प्राणी पाण्यावर येतात. आमच्या घराला तेच सोयीचे होते.

अ‍ॅडव्हान्समधले निम्मे पैसे बुडाले. भाच्याने आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढले. तिकडेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. व्हिसाला वेळ लागतो आणि लहान मुलाचा जन्मदाखला जोडावा लागतो, म्हणून ते काम आधी उरकले. विमान आदिस अबाबावरून घेतले नाही, कारण इथिओपियाही पीतज्वराच्या यादीत आहे; नसता घोळ कशाला?

मुक्काम निवडताना मात्र भाच्याने यावेळी वहिनीला फोनपाशी बसवले. तिचे प्रश्न मी जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत. न्हाणीघर खोलीच्या आत आहे ना? खोलीपासून जेवणघर किती पावलांवर, आणि मध्ये पायऱ्या किती? वीज रात्रभर असते की ठरावीक तास? भोवती कुंपण आहे का? नसेल तर अंधारात खोलीपर्यंत सोडायला माणूस येतो का? फेरीची गाडी उंच असेल तर चढायला स्टूल मिळेल का? शाकाहारी म्हणजे अंडेही नाही, हे स्वयंपाक्याला आधी कळवाल का? दवाखाना किती दूर? ज्या ठिकाणाहून या प्रश्नांची सरळ उत्तरे लेखी आली, तेच ठरवले. पोहण्याचा तलाव तिथे होता की नव्हता, कुणाला आठवतही नाही.

मला विचारले होते, पण विद्यापीठाच्या परीक्षेचे काम, मी काही गेले नाही. जूनमध्ये पुन्हा हैदराबादला गेले तेव्हा आईच्या तोंडून सगळे ऐकले. पहाटे अशी थंडी की मंकी टोपी, शाल, वर ब्लँकेट. दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी गाडीने फिरत राहिली आणि आई दादाबरोबर मांक्वे धरणाच्या पाण्यावरच्या निवाऱ्यात बाकावर दोन तास बसून राहिली. डब्यात वहिनीने केलेल्या दशम्या होत्या. पाणघोडे पाहिले, हत्तींचा कळप पाहिला.

“आणि सिंह?” मी विचारले.

“नाही दिसला. चार दिवसांत एकदासुद्धा नाही.” भाच्याचा चेहरा अजून पडलेलाच होता. आईने मात्र हात झटकला. “बरं झालं. त्याला त्याची कामं असतील. बोलावल्यावर यायला तो काय प्राणी संग्रहालयातला आहे?”

मग पणतूला जवळ ओढून ती जिराफाचे सांगू लागली. “अगं, तो पाण्यावर आला ना, तर किती वेळ नुसता उभाच. मग एकेक पाय लांब करत, घाबरत घाबरत वाकला. दोन घोट प्याला की परत उभा. मी दादाला म्हटलं, याचे गुडघे माझ्यासारखेच दिसताहेत.”