टक्के आणि पात्रता



गेल्या महिन्यात सटाण्यातील एक किराणा व्यापारी चिरंजीवांना घेऊन माझ्याकडे आले. मुलगा येथील महाविद्यालयात बी.कॉम.च्या अंतिम वर्षात आहे. पहिल्या वर्षी ५१ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८. त्याला मुंबई किंवा दिल्लीच्या नामांकित संस्थेत पुढे शिकायचे आहे. वडील म्हणाले, "साहेब, एवढ्या गुणांवर याला कोण घेणार? तुम्हीच समजवा, दुकान आहेच की." मुलगा खाली मान घालून बसला होता.

पदवीच्या मध्यावर विद्यापीठ बदलणे आपल्याकडे आजही अवघड आहे. २०२१ पासून श्रेयांक बँकेची सोय झाली असली, तरी घेणाऱ्या संस्थेत जागा असावी लागते. खरे वळण पदवीनंतर येते. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी एम.कॉम.चा प्रवेश आता मुख्यतः सीयूईटी-पीजी या परीक्षेवर ठरतो. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत राज्याची एमबीए-सीईटी मोठा आधार आहे. तिच्यासाठी खुल्या गटाला पदवीत ५० टक्के पुरतात. मात्र पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. तेथे सीईटीत अगदी वरचा क्रमांक लागतो. आयआयएममध्ये तर दहावी-बारावीचे गुणही मोजले जातात, म्हणून अर्जापूर्वी प्रत्येक संस्थेची अट स्वतंत्र वाचावी.

दोन परीक्षांचा स्वभावही वेगळा. सीयूईटी-पीजीत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. एमबीए-सीईटीत वजाबाकी नाही. पहिलीत संयम हवा, दुसरीत एकही प्रश्न कोरा सोडू नये. अर्ज मात्र अंतिम निकालापूर्वीच निघतात. निकालाची वाट पाहणाऱ्याचे वर्ष जाते.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्ही केवळ एका वर्षाचा ताळेबंद पाहत नसू. तीन वर्षांची चाल पाहत असू. नफा थोडा असेल, पण दरवर्षी वाढत असेल, तर तो व्यवसाय विश्वासाचा. ५१ वरून ५८ ही चाल चढती आहे. मुलाखतीत हेच सांगावे आणि पहिल्या वर्षाचे कारण न लपवता सांगावे.

खर्चाची चिंता रास्त आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उत्तम संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यास तारण व जामीनदाराविना शैक्षणिक कर्ज मिळते. व्यापारी कुटुंबाने कर्जाला भिऊ नये. हिशेबाविना घेतलेल्या कर्जाला भ्यावे. संस्थेच्या यादीत नाव आहे का, हे आधी पाहावे.

आता माझी गोष्ट. बी.कॉम.ला मला ५२ टक्के होते. पुण्यातील एका संस्थेचा अर्ज आणला, भरला आणि टपालात टाकलाच नाही. "आपल्याला कोण घेणार?" हा प्रश्न मी स्वतःच विचारला आणि स्वतःच उत्तर दिले. पुढे बँकेत लागलो, रात्री अभ्यास करून बहिःस्थ एम.कॉम. केले. आयुष्य चांगले गेले, तक्रार नाही. पण तेव्हा नकार आला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. संस्थेने नकार दिला तर निदान उत्तर मिळते. आपणच दिला तर तेही मिळत नाही.

हे मी त्या दोघांसमोर सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक वर्ष दुकान मी सांभाळतो. पण यंदा तू रोज अभ्यासाला बसायचे, दिवाळीच्या गर्दीतसुद्धा."

मुलाने मान वर केली. त्याला प्रवेश मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याचा अर्ज मात्र टपालातून परत येणार नाही, याची खात्री आहे. कारण आता अर्ज संगणकावर भरतात, आणि तो त्याने माझ्यासमोरच भरायचे कबूल केले आहे.