कर्ज बुडवायला घर बायकोच्या नावावर केलं, तर ते कोर्टात टिकतं का?

धंदा बसलाय, घेणेकरी दारात उभे आहेत आणि तेवढ्यात कळतं, की मालकाने फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकलाय. कशासाठी, हे अख्ख्या सोसायटीला माहिती असतं. पण 'सगळ्यांना माहिती आहे' हा कोर्टात पुरावा होत नाही.

मग सिद्ध कुणी करायचं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 53 सांगतं, की घेणेकऱ्यांना बुडवायच्या किंवा लटकवायच्या हेतूने केलेलं स्थावर मालमत्तेचं हस्तांतरण घेणेकरी रद्द करून घेऊ शकतात. पण तो हेतू आधी घेणेकऱ्यानेच दाखवायचा असतो. मनातलं दाखवणार कसं? म्हणून कोर्ट खुणा बघतं. व्यवहार नात्यातच झाला का? पैसे खरंच दिले का? ताबा अजून जुन्याच मालकाकडे आहे का?

ही पद्धत जुनी आहे. 1601 च्या इंग्लंडमधल्या ट्वाइन खटल्यात पिअर्स नावाच्या कर्जदाराने सगळा माल गुपचूप एकाच घेणेकऱ्याला देऊन टाकला. पण मेंढ्यांची लोकर मात्र तो स्वतःच कातरत राहिला. कोर्टाने नेमकं तेच हेरलं.

अशा खुणा दिसल्या, की ओझं मालमत्ता घेणाऱ्याकडे सरकतं. आपण प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेतली, हे त्याने दाखवायचं.

झटपट निकाल मिळतो का?

व्यावसायिक वादांसाठी 2015 च्या कायद्याने साक्षी न नोंदवता निकाल मागायची सोय केली. अट अशी, की समोरच्याला जिंकायची खरी शक्यता नाही, हे कोर्टाला पटलं पाहिजे. पण वाद हेतूचा असेल, तर उलटतपासणीशिवाय कोर्टाला ठरवणं अवघड जातं. खटला लांबतो आणि त्याचा फायदा मालमत्ता हलवणाऱ्याला होतो.

कायद्याने हेतूच बाजूला ठेवला तर?

2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 43 मध्ये तेच केलंय. जेपी इन्फ्राटेकने आपली जमीन मूळ कंपनीच्या कर्जासाठी गहाण टाकली होती आणि इकडे हजारो लोक फ्लॅटची वाट बघत होते. फेब्रुवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने 758 एकरांवरची ही गहाणखतं अवैध ठरवली. फसवायचा हेतू होता का, हे तपासायची गरजच पडली नाही. संबंधित कंपनीला दिवाळखोरी सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांत झुकतं माप मिळालं, एवढं पुरेसं ठरलं. इतरांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे.

थोडक्यात, निकाल किती वर्षांनी लागणार, हे बऱ्याचदा सिद्ध कुणी करायचं यावर ठरतं.

म्हणून कर्जात बुडालेल्या नातेवाईकाचं घर घेत असाल, तर रक्कम बँकेतूनच द्या, बाजारभावाने द्या आणि ताबा खरोखर घ्या. उद्या प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.