कॅरल्टनचे जमीनदार

१७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ प्रतिनिधींनी सह्या केल्या. त्यांत कॅथलिक सही एकच होती : चार्ल्स कॅरल ऑफ कॅरल्टन. त्या काळी इंग्रजांविरुद्ध अशी सही करणे हा राजद्रोह होता, आणि वसाहतींतील अत्यंत धनाढ्य पुरुषांमध्ये कॅरल यांची गणना होत असे. गमावण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते.

मेरिलँड ही वसाहत एका कॅथलिक उमरावाच्या घराण्याने १६३४ साली वसविली. परंतु पुढे सत्ता पालटली, आणि त्याच भूमीवर कॅथलिक लोक परके झाले. १७०४ च्या कायद्याने उघड मिस्सा करण्यास व कॅथलिकांनी शाळा चालविण्यास मनाई झाली. १७१८ साली त्यांचा मताधिकार गेला, तर १७५६ साली त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसला. श्रद्धा टिकली ती घरांतील खाजगी प्रार्थनालयांच्या आश्रयाने.

अशा काळात, १७३७ साली, ॲनापोलिस गावी चार्ल्स यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांना लहान वयातच समुद्रापार पाठविले. फ्रान्समधील सेंट ओमेर येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले; नंतर लंडनला त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १७६५ साली ते मायदेशी परतले. वडिलांनी त्यांना कॅरल्टन नावाची सुमारे १०,००० एकरांची जहागीर दिली. विद्या होती, संपत्ती होती. मात्र मत देण्याचा साधा अधिकार नव्हता.

१७७० साली गव्हर्नरने लोकप्रतिनिधींची संमती न घेता सरकारी अधिकाऱ्यांच्या शुल्काचे दर ठरविले. त्याविरुद्ध १७७३ साली कॅरल यांनी ‘फर्स्ट सिटिझन’, म्हणजे ‘पहिला नागरिक’, या टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहिली. प्रतिपक्षी डॅनियल डुलानी यांनी त्यांच्या धर्मावर बोट ठेवले. कॅरल यांनी उत्तर दिले ते युक्तिवादाने. लोकांना ते पटले, आणि ज्याला मताधिकार नव्हता तो पुरुष लोकांचा पुढारी झाला. १७७६ च्या मेरिलँडच्या नव्या घटनेने सर्व ख्रिस्ती पंथांना धर्मस्वातंत्र्य दिले. ती घटना तयार करणाऱ्या समितीत कॅरलही होते. पुढे १७८९ ते १७९२ ते अमेरिकेच्या सिनेटचे सभासद होते. त्यांचे चुलत नातलग फादर जॉन कॅरल हे त्या देशाचे पहिले बिशप झाले.

इथेच लेखणी थांबविली असती तर चरित्र उजळ दिसले असते; परंतु ते पुरे झाले नसते. कॅरल यांच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते. ज्यांनी स्वतः अन्यायाचा कायदा सोसला, त्यांच्याच जमिनीवर माणसे मालमत्ता म्हणून मोजली जात होती. गुलामगिरी वाईट आहे हे त्यांना कळत होते. १७९७ साली ती क्रमाक्रमाने नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मेरिलँडच्या सिनेटपुढे मांडले. ते संमत झाले नाही. तथापि स्वतःच्या मळ्यांवरील गुलामांना त्यांनी सरसकट मुक्त केले नाही, आणि त्यासाठी तर कोणाच्या मतांची गरज नव्हती. १८३२ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी अखेरचे हयात पुरुष म्हणून सन्मानाने त्यांचे निधन झाले. मेरिलँडमध्ये गुलामगिरी संपली ती १८६४ साली.

दोष केवळ एका जमीनदाराचा नव्हता. १८३८ साली मेरिलँडच्या येशूसंघीयांनीही २७२ गुलामांची विक्री केली. त्याबद्दल संघाने २०१७ साली, त्या गुलामांच्या वंशजांसमक्ष, जाहीर क्षमा मागितली.

आपल्या गोव्यालाही भाटकार व मुंडकार हे शब्द परके नाहीत. मुंडकाराला राहत्या घरातून हुसकावून लावू नये म्हणून १९७५ साली कायदा करावा लागला, हे ध्यानात घ्यावे. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला लवकर दिसतो. आपल्या हातून होणारा उशिरा. म्हणून, कुटुंबीयहो, संध्याकाळी रोझरीला बसण्यापूर्वी एवढे विचारून पाहावे : आपल्या शेतात दिवसभर जे राबले, त्यांची मजुरी त्यांच्या हाती पोचली काय?