मृत्यूची वेळ कोणती धरावी?

व्यापारात तारखेला किती महत्त्व असते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. हुंडीची मुदत एका दिवसाने चुकली तरी व्याजाचा आकडा बदलतो. मृत्यूची तारीख आणि वेळ मात्र निर्विवाद असते, असे आपण गृहीत धरतो. श्वास थांबला, नाडी लागेना, डॉक्टरांनी तसे सांगितले, की घरातील मंडळी पुढील तयारीला लागतात. कायद्याच्या दृष्टीने ही गोष्ट आता इतकी सरळ राहिलेली नाही.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याने मृत्यूची व्याख्या एका वाक्यात केली आहे : जिवंत जन्म झाल्यानंतर केव्हाही जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, म्हणजे मृत्यू. या व्याख्येत हृदयाचे नाव नाही आणि मेंदूचेही नाही. पूर्वी त्याची गरजही भासत नव्हती, कारण श्वास, हृदय आणि मेंदू हे काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग थांबत. व्हेंटिलेटर आला आणि हा क्रम तुटला. मेंदूच्या तळाशी असलेला, श्वास व शुद्ध सांभाळणारा मेंदूस्तंभ कायमचा निकामी झाला, तरी यंत्राने प्राणवायू मिळत राहिला तर हृदय काही काळ स्वतःच्या लयीत चालू राहते. छाती वरखाली होते, हात उबदार लागतो. अशा देहाला मृत म्हणावे, हे आईच्या मनाला कसे पटावे?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयाचे प्रत्यारोपण केले, तेव्हा आपल्याकडे या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. ते मिळायला आणखी सव्वीस वर्षे लागली. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ याने जुनीच शब्दरचना घेतली आणि तीत एक भर घातली : जीवनाच्या खुणा मेंदूस्तंभाच्या मृत्यूमुळे किंवा हृदय व श्वसन थांबल्यामुळे कायमच्या नाहीशा झाल्या, तर ती व्यक्ती मृत होय.

मेंदूस्तंभाचा मृत्यू एकटा डॉक्टर जाहीर करू शकत नाही. रुग्णालयाचे प्रमुख, एक स्वतंत्र तज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ आणि उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांच्या मंडळाने ते प्रमाणित करावे लागते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, घशाला स्पर्श केल्यावर ठसका लागतो का, हे पाहिले जाते. शेवटी व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. श्वास घेण्यासाठी शरीराला याहून मोठी चेतावणी नसते. तरीही छाती हलली नाही तर तशी नोंद होते. या सर्व तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा कराव्या लागतात.

येथे एक गल्लत नेहमी होते. कोमा म्हणजे मेंदूस्तंभाचा मृत्यू नव्हे. के.ई.एम. मधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे अंथरुणावर होत्या, पण त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. त्या जिवंत आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले.

खरी अडचण पुढे आहे. १९९४ ची व्याख्या त्या अधिनियमापुरती आहे. कुटुंबाने अवयवदानाला संमती दिली, तर हा कायदा लागू होतो आणि हृदय चालू असतानाही व्यक्ती मृत ठरते. संमती नाकारली, तर त्याच तपासण्या झालेल्या त्याच देहाविषयी डॉक्टर संभ्रमात पडतात आणि हृदय थांबेपर्यंत यंत्र चालू ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटते. अवयवदान होवो वा न होवो, मेंदूस्तंभाचा मृत्यू कसा प्रमाणित करावा, याविषयी केरळ शासनाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु राज्याच्या सूचनांनी केंद्रीय कायद्यातील व्याख्या बदलत नाही.

हे अंतर घरापर्यंत कसे पोहोचते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले साठ लाखांचे दुकान आहे. मृत्युपत्र नाही. घरात पत्नी, विवाहित पण निपुत्रिक मुलगा, सून आणि एक मुलगी. वडिलांची आई हयात नाही. अपघातात पितापुत्र दोघेही जखमी होतात. मंगळवारी दुपारी मंडळ मुलाचा मेंदूस्तंभ मृत झाल्याचे ठरवते, पण अवयवदान होत नाही. रात्री वडिलांचे हृदय थांबते. बुधवारी व्हेंटिलेटरवरच मुलाचे हृदय थांबते.

आधी कोण गेले? जैनांनाही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे. मुलगा मंगळवारी दुपारीच गेला असे मानले, तर दुकानाचे तीन समान वाटे होतात आणि सुनेला वीस लाखांचा वाटा मिळतो. तो बुधवारी गेला असे मानले, तर वडिलांच्या पश्चात त्याला वीस लाख मिळतात आणि ते त्याची पत्नी व आई यांच्यात विभागले जातात. सुनेकडे दहा लाख राहतात, सासूकडे तीस. मुलीला दोन्ही प्रकारे वीसच. कोण आधी गेले हे कळण्यास मार्ग नसेल, तर वयाने लहान असलेला नंतर गेला असे कलम २१ गृहीत धरते. येथे मात्र घड्याळातील प्रत्येक वेळ नोंदलेली आहे. त्यांतील कोणती मृत्यूची, एवढेच ठरलेले नाही. एका शब्दाला दोन कायद्यांत दोन अर्थ असू नयेत, असे मला स्पष्टपणे वाटते. जी वेळ अवयवदानासाठी खरी आहे, ती वारसासाठीही खरी असली पाहिजे.

संसदेने तसे करेपर्यंत निदान मृत्युपत्र करता येते. ‘माझ्या पश्चात तीस दिवस हयात असलेल्या वारसास’ अशा अटीने मिळकत दिली, तर तासांचा वाद बहुतांशी उरत नाही. भागीदारी पेढीचा करारही त्याच बैठकीत वकिलांना दाखवावा. त्यात वेगळी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, आणि पितापुत्र असे दोनच भागीदार असतील तर करारात काहीही लिहिले तरी ती भागीदारी तेथेच संपते. वसुली आणि बँकेचे खाते त्या दिवसापासून कोणाच्या सहीने चालायचे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.